भूत कोणत्या गावचे?

[दृश्य : देवळाचा चौक, मध्यरात्र. मृदंग आणि झांज. खांबामागून शंकासूर बाहेर येतो.]

काळ्या कापडात पायांपासून माथ्यापर्यंत झाकलेली, बुरख्यावर पांढऱ्या रेषांनी डोळे रेखलेली आणि हनुवटीखाली लाल जीभ लोंबणारी ही आकृती खांबाआडून पुढे येते, तेव्हा पहिल्या रांगेत बसलेली मुले एकदमच मागे सरकतात आणि त्यांतले एखादे रडू लागते. हा शंकासूर आहे. दशावतारी काला म्हणजे गोवा आणि कोकणातल्या जत्रांत रात्रभर चालणारे लोकनाट्य; त्याच्या पूर्वरंगात, म्हणजे आडदशावतारात, तो ब्रह्मदेवाचे वेद पळवतो आणि विष्णूच्या हातून मरतो. मरण्याआधी मात्र तो सूत्रधाराची यथेच्छ फिरकी घेतो. सूत्रधार शुद्ध, संस्कृतप्रचुर मराठीत प्रश्न विचारतो आणि शंकासूर गावच्या बोलीत उलट उत्तर देतो. चोरलेल्या वेदांचे तू करणार काय, असे विचारल्यावर आमच्या चित्रीकरणातला शंकासूर म्हणाला, की घराचे छप्पर गळते आहे, पोथ्या तिथे लावीन. मघाशी रडणारे पोर या उत्तरावर सर्वांत आधी हसले. ते पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, निळ्या स्वेटरमध्ये दिसते.

हे दृश्य आरंभीच दाखवण्याचे कारण असे, की पुढे ज्या चित्रपटाविषयी बोलायचे आहे, त्यात नेमके हेच घडत नाही. तिथे भीती एका बाजूने येते, विनोद दुसऱ्या बाजूने येतो, आणि दोघांची गाठ पडत नाही.

[दृश्य : गोव्यातील मोरजीचा किनारा, सकाळ. रशियन लिपीतील पाट्या, बंद असलेले शॅक.]

राज आणि डीके या दिग्दर्शकद्वयीचा ‘गो गोवा गॉन’ हा हिंदी चित्रपट 2013 साली प्रदर्शित झाला. हार्दिक, लव आणि बनी हे तीन मित्र मुंबईहून गोव्याला येतात, एका बेटावर रशियन टोळीने भरवलेल्या पार्टीला जातात, आणि तिथे वाटलेल्या नव्या अमली गोळीमुळे रातोरात पार्टीतली माणसे झॉम्बी, म्हणजे माणसे खात फिरणारी चालती प्रेते, होतात. गोळी न घेतलेले हे तिघे आणि सैफ अली खान याने रंगवलेला, केस पिवळे करून रशियन असल्याची बतावणी करणारा दिल्लीचा बोरिस, हे सगळे मिळून तिथून निसटण्याची धडपड करतात. कुणाल खेमूने त्यात हार्दिकची भूमिका केली आणि संवादलेखनातही त्याचा वाटा होता. हिंदीत झॉम्बी आणणाऱ्या पहिल्या चित्रपटांपैकी हा एक, आणि शहरांतल्या तरुण प्रेक्षकांनी तो बराच उचलून धरला, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्याच्या नावातच आमची भूमी आहे त्या चित्रपटाकडून आमची अपेक्षा मोठी होती, म्हणून आमची निराशाही मोठी आहे.

[दृश्य : डिचोली तालुक्यातील एका घराची ओसरी. भिंतीवर पांढरी चादर, समोर काल्याच्या कंपनीतील नट.]

जत्रेला निघण्याआधीच्या दुपारी आम्ही हा चित्रपट काल्याच्या कंपनीतील नटांना दाखवला. कॅमेरा चादरीकडे पाठ करून, त्यांच्या चेहऱ्यांकडे रोखून ठेवला होता. कचेरीत राबणाऱ्यांचे रक्त शोषले जाते अशा अर्थाचे ‘खून चूस ले’ हे गाणे लागले, तेव्हा ओसरी मोकळेपणाने हसली, कारण सोमवार सकाळची कचेरी सर्वांच्या ओळखीची आहे. आपल्याकडे भूत, पिशाच्च, आत्मा असतात, मग हे झॉम्बी आले कुठून, असा प्रश्न पात्रांना पडतो आणि जागतिकीकरणावर त्याचे खापर फुटते, तिथेही दोघे-तिघे हसले. त्यानंतर मात्र जे आहे ते चित्रांतच पाहावे.

[दृश्य : नटांचे चेहरे, निवेदन नाही. वीस सेकंद.]

जागतिकीकरणाचा तो विनोद या चित्रपटातला सर्वांत धारदार विनोद आहे, असे आमचे मत आहे, आणि नेमका तोच लेखकांनी एका संवादात उरकून टाकला. गोव्याच्या किनाऱ्यावर परदेशी भूत उतरते, ही कल्पना केवढी सुपीक आहे! इथे आधीच गावातल्या प्रत्येक वाडीला आपापला राखणदार, म्हणजे वस्ती सांभाळणारा देवचार, आहे, त्याच्या सीमा ठरलेल्या आहेत, त्याचे मानपान ठरलेले आहेत. अशा ठिकाणी कुणाचीही परवानगी न घेता चारपाचशे परकी पिशाच्चे घुसली, तर इथला देवचार त्यांना काय म्हणेल, या एका प्रश्नावर अख्खा चित्रपट उभा राहिला असता. त्याऐवजी कथा एका निर्जन बेटावर नेली गेली, जिथे कुणाचे घर नाही, देऊळ नाही, चर्च नाही, आणि आपले काही गमावेल असे वाटणारा माणूसही नाही.

विनोद इथेच अडतो. भयविनोदात हसू येते ते भीतीने छाती भरून आल्यावर, आणि छाती भरायची तर पडद्यावरच्या माणसाचे काहीतरी पणाला लागलेले असावे लागते. ही तिघे मुले झॉम्बी दिसण्यापूर्वी ज्या सुरात एकमेकांची चेष्टा करतात, त्याच सुरात झॉम्बी दिसल्यावरही करतात. नशा, मुली आणि मैत्रीतली शिवीगाळ यांभोवतीच बोलणे फिरत राहते, त्यामुळे प्रेक्षकाला धोका जाणवण्याआधीच त्याच्या हातात विनोद ठेवला जातो. बोरिसची बतावणी तर एकदाच उघडी पडू शकते. ती उघडी पडली, की त्या रशियन उच्चारांतला मुद्दा संपतो; तरीही चित्रपट त्याच उच्चारांवर पुढे कितीतरी वेळ हसू मागत राहतो. कोकेनच्या पुडीने झॉम्बी थिजतात, ही युक्ती कागदावर वाचताना गमतीची वाटेल, पण ज्यांनी भीती निर्माण केली नाही त्यांना पळवून लावल्याचा आनंद तरी कितीसा होणार?

झॉम्बी हा प्रकारच विनोदाला अवघड आहे, हेही खरे. तो बोलत नाही, त्याला हाव सोडून दुसरी इच्छा नाही, आणि त्याला नाव-गाव नाही. सूत्रधाराला उलट उत्तर देणारा शंकासूर जे करू शकतो, ते त्याला करता येत नाही. म्हणून लेखकाला सगळा विनोद जिवंत माणसांकडून काढावा लागतो आणि ती माणसे भक्कम असावी लागतात.

[दृश्य : रंगपट. कंदिलासारखा एकच पिवळा दिवा. पेटाऱ्यासमोर उदबत्ती.]

आता शंकासूर कसा तयार होतो, ते पाहू. कंपनी गावात पोहोचल्यावर प्रथम पेटारा उतरवला जातो. त्यात गणपतीचा मुखवटा आणि सोंगांचे सामान असते, म्हणून त्याची पूजा झाल्याशिवाय कुणीही रंगाला हात लावत नाही. दशावतारात प्रत्येक नट आपले तोंड आपणच रंगवतो. वेगळा रंगभूषाकार नसतो. शंकासुराची भूमिका करणाऱ्या काकांना कंपनीतले सगळे ‘मामा’ म्हणतात. मामा बुरखा चढवण्याआधी त्याच्या आतल्या बाजूने, नाकाजवळ, एक ओली कापडी पट्टी टाचतात, कारण तासभर नाचताना आत श्वास कोंडतो. जिभेचे लाल कापड ते दोन बोटांनी ताणून पाहतात. टाका सैल असेल तर जीभ नाचताना गळून पडते, आणि मग मुले हसतात, पण चुकीच्या वेळी.

चुकीच्या वेळी हा शब्द मामांचाच आहे. आम्ही कॅमेरा चालू ठेवून त्यांना विचारले, “मामा, आधी घाबरवायचे की आधी हसवायचे?” ते बुरख्याच्या नाड्या बांधत म्हणाले, “आधी गप्प राहायचे. खांबामागून बाहेर पडल्यावर मी तीन फेऱ्या काहीच बोलत नाही. पोरांना वाटायला हवे, की हा आता काय करील ते सांगता येत नाही. मग सूत्रधार मला दरडावतो, आणि मी त्याला घाबरतो. भूतच घाबरले म्हटल्यावर पोरे हसतात.”

[दृश्य : तीन फेऱ्या, अखंड चित्रण. केवळ मृदंग.]

या तीन फेऱ्यांत एकही संवाद नाही. मृदंगाची लय प्रत्येक फेरीला थोडी चढते, तिसऱ्या फेरीला शंकासूर प्रेक्षकांच्या अगदी जवळून जातो आणि मागे बसलेल्या बायकाही पाय आखडून घेतात. चौथ्या फेरीला सूत्रधार ओरडतो. कित्येक पिढ्यांच्या नटांनी जत्रेच्या रात्री प्रेक्षकांसमोर उभे राहून हा क्रम घोटला आहे, आणि आमच्या मते भयविनोद लिहायला बसणाऱ्या कुणाही पटकथाकाराने एक रात्र चौकात बसून तो पाहावा. जत्रेत खाजेही मिळते.

[दृश्य : वेताळाच्या स्थानासमोर ठेवलेल्या चामडी वहाणा. जवळून.]

या वहाणा नव्या कोऱ्या आहेत. गोव्यात आणि शेजारच्या सिंधुदुर्गात काही ठिकाणी वेताळाला वहाणा वाहण्याची प्रथा आहे, कारण तो रात्रभर गावाच्या सीमेवर फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. काणकोण तालुक्यातील लोलये येथे त्याची भव्य पाषाणमूर्ती आहे, आणि तिच्यासमोर उभे राहिल्यावर हा थट्टेचा विषय नव्हे, हे कुणालाही कळते. तरीही चांभाराकडे देवाच्या पायाचे माप सांगताना गावकरी गालातल्या गालात हसतात. देवचाराला रोंट म्हणजे जाड भाकर, विडी आणि थोडी दारू ठेवणारा माणूस त्याला भितो, त्याच्यावर रागावतो आणि त्याच्याशी घरच्यासारखा बोलतो. या तिन्ही गोष्टी एका दमात करणे ही आमच्याकडची जुनी सवय आहे. ‘गो गोवा गॉन’मध्ये या सवयीचा मागमूसही नाही.

याचा अर्थ झॉम्बी मराठी मुलखात रुजतच नाही, असा नव्हे. 2022 साली आलेल्या आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ या मराठी चित्रपटाने तेच परदेशी पिशाच्च डोंबिवलीत आणले, आणि उंच इमारतीतले भरपूर पाणी व शेजारच्या वस्तीतली टंचाई यांच्या ताणात त्याची गोष्ट गुंफली. सगळे विनोद साधले असे आम्ही म्हणणार नाही; पण तिथल्या माणसांना वाचवण्यासारखे घर होते, त्यामुळे त्यांची फजिती पाहताना हसू आपोआप येत होते. त्याच दिग्दर्शकाने 2024 साली ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटात कोकणातले, पिंपळाशी जोडलेले, लग्नाच्या इच्छेने अडून बसलेले भूत आणले. त्या भुताला इच्छा होती आणि तोंडही होते, त्यामुळे अर्धे काम आधीच झाले होते.

[दृश्य : पहाट. गवळणकाल्याची दहीहंडी, गर्दी. त्यानंतर टेम्पोत चढणारा पेटारा.]

काल्याच्या कंपन्यांना मिळणारी बिदागी, नवे नट किती काळ टिकतात, आणि गोवा म्हणजे केवळ नशा आणि किनारा असे पडद्यावर वारंवार दिसल्याने इथल्या गावांकडे लोक कसे पाहू लागतात, हा सगळा या चित्रफितीत न मावणारा विषय आहे. एवढेच सांगतो, की या कंपनीतला सर्वांत तरुण नट, जो आता तुम्हाला पेटाऱ्याची मागची बाजू धरून टेम्पोत चढताना दिसतो आहे, दिवसा किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात काम करतो. बाहेरून चित्रीकरणासाठी युनिट आले आणि गर्दीत उभी राहायला माणसे कमी पडली, की त्याला बोलावणे येते. एकदा त्याला भुताचे काम मिळाले होते. संवाद नव्हता.