राजारामन सरांचा संगणकवर्ग

राजारामन सर आयआयटी कानपूरमध्ये संगणक शिकवू लागले, तेव्हा प्रोग्राम कार्डांवर भोके पाडून लिहीत. पडद्यावर दिसणारे हे तसले जाड कागदाचे कार्ड ऐंशी रकान्यांचे आहे. पहिले पाच रकाने विधानाच्या, म्हणजे प्रोग्राममधल्या एका सूचनेच्या, क्रमांकासाठी, सहावा मागच्या कार्डावरचे विधान येथे चालू आहे हे सांगण्यासाठी, आणि सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत प्रत्यक्ष फोरट्रान या संगणकभाषेतला मजकूर. एक भोक चुकले, की कार्ड नव्याने पंच करायचे.

या छायाचित्रातला संगणक आहे आयबीएम १६२०. त्याच्या मूळ रचनेत बेरजेचे स्वतंत्र मंडलच (सर्किटच) नव्हते. बेरजेची कोष्टके स्मृतीत भरून ठेवावी लागत आणि पाढे पाठ केलेल्या मुलासारखे यंत्र त्यांतून उत्तर उचलत असे. १९६३ साली हा संगणक आयआयटी कानपूरमध्ये आला. त्याआधी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक चालू झाला होता, पण तो संशोधकांचा. कानपूरचा मात्र विद्यार्थ्यांच्या हाती देण्यासाठी होता, आणि आमच्या दृष्टीने सगळा फरक येथेच पडला.

विद्यार्थ्यांच्या हाती तो देणाऱ्यांत प्रा. वैद्येश्वरन राजारामन होते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अॅनालॉग संगणकावर (आकड्यांऐवजी विद्युतदाबासारख्या राशींनी गणित करणाऱ्या यंत्रावर) काम करून, पुढे अमेरिकेत एमआयटी आणि विस्कॉन्सिन येथे शिकून ते कानपूरला आले. तेथे दहा दिवसांचे प्रोग्रामिंगचे वर्ग सुरू झाले आणि बाहेरच्या संस्थांतले अध्यापक-संशोधकही त्यांना येऊ लागले. १९६५ मध्ये विद्युत अभियांत्रिकीच्या एम. टेक.मध्ये संगणकशास्त्राचा पर्याय आला; इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती याच विभागातले विद्यार्थी.

शिकवायचे तर पुस्तक हवे, आणि परदेशी पुस्तके विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडणारी नव्हती. म्हणून सरांनी वर्गातल्या टिपणांना पुस्तकाचे रूप दिले, किंमत कमी राहील याकडे लक्ष दिले, आणि भाषा बदलत गेल्या तशी नवी पुस्तके लिहिली. शोधनिबंध मोजणाऱ्या आपल्या विद्यापीठांत पाठ्यपुस्तक हे फावल्या वेळचे काम समजले जाते, हे सरांच्या पुस्तकांच्या या कपाटाकडे पाहताना नोंदवायला हवे. वास्तविक संशोधनातही सर मागे नव्हते: वैज्ञानिक संशोधनासाठीचा १९७६ चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला आणि १९८२ पासून भारतीय विज्ञान संस्थेत महासंगणक (सुपरकॉम्प्युटर) केंद्राची धुरा त्यांनी सांभाळली.

त्याच सुमारास त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अभियंत्यांपलीकडच्या पदवीधरांसाठीही संगणकाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुचवला. तोच एमसीए (मास्टर ऑफ कॉम्प्युटर अॅप्लिकेशन्स); विज्ञान किंवा वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली कितीतरी मराठी मुले-मुली याच वाटेने सॉफ्टवेअरच्या नोकरीत शिरली.