हुर्राकावरचा उतारा: सोलं, पेज आणि पुरावा

मंडळी, हुर्राक म्हणजे गोव्यातली काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू. काजूच्या भट्ट्या पेटल्या की माझ्याकडे हमखास विचारणा होते, "डॉक्टर, दुसऱ्या दिवशीच्या त्रासावर उतारा काय घ्यायचा?" आज त्यावर जरा सविस्तर बोलतो.

यकृत दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं आणि मग ॲसिटेट. तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोल, एवढाच त्याचा वेग. त्रास सगळ्यात जास्त होतो तो रक्तातली दारू जवळपास संपते तेव्हा. म्हणजे सकाळी डोकं धरून बसलेल्या माणसाची दारू बहुतेक उतरलेलीच असते. उरतो तो दाह, मोडलेली झोप, खवळलेलं पोट आणि लघवीवाटे गेलेलं पाणी. तेव्हा "दारू बाहेर काढणारा" काढा काढणार तरी काय?

पण म्हणून आजीचा उतारा खोटा ठरत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मद्यविकारावर एक मंथ, म्हणजे पाण्यात घुसळलेलं पेय, सांगितलाय: खजूर, मनुका, चिंच, डाळिंब, फालसा, आवळा आणि वृक्षाम्ल. हे वृक्षाम्ल म्हणजे आपलं कोकम, असं बरेच वैद्य मानतात. आंबट, गोड, भरपूर पाणी. घशाला कोरड आणि तोंडाला चव नाही, अशा वेळी याहून सुखाचं काय असणार! आपल्या घरात सोलं, म्हणजे कोकमाच्या सुकवलेल्या साली, भिजत घालून, मीठ टाकून जे पाणी देतात ते याच्याच जवळचं. मला त्याचं फार कौतुक आहे. पण बरं वाटणं वेगळं आणि चाचणीत सिद्ध होणं वेगळं.

चाचण्या काय म्हणतात? 2022 मध्ये 21 चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. सगळे मिळून 386 जण. लवंगेचा अर्क, कोरियन नाशपातीचा रस, लाल जिनसेंग ही कोरियन मुळी यांनी थोडा फरक पडल्याचं दिसलं, पण पुराव्याचा दर्जा अगदी कमी, आणि 8 चाचण्यांत एकही स्त्री नव्हती. आर्टिचोक या विलायती भाजीच्या अर्काचा त्याआधी बराच गाजावाजा झाला होता. चाचणीत तो काहीच कामाला आला नाही. आल्याचा मळमळीवर चांगला पुरावा आहे, पण तो मुख्यतः गरोदरपणातल्या मळमळीवरचा.

माझं मत विचाराल तर उकड्या तांदळाची पेज घ्या. मऊ शिजलेली शितं, वरचं दाटसर पाणी, चिमूटभर मीठ. दारू यकृताला नवी साखर तयार करू देत नाही, म्हणून हातपाय गळतात. पेज पाणी, मीठ आणि पिष्ट एकदम देते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी. उलट्या होत असतील तर ओआरएस बरं.

आणि कोकमाची नीट चाचणी आपल्या गोव्यातच व्हावी. अर्ध्यांना खरं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, अर्ध्यांना तसंच दिसणारं आंबट पाणी, आणि कोणाला काय मिळालं ते देणाऱ्यालाही ठाऊक नाही. याला काही कोटी लागत नाहीत.

काविळीवर घरोघरी देतात त्या भुईआवळ्याबद्दल मात्र कळकळीनं सांगतो. 1988 मध्ये मद्रासच्या संशोधकांनी ब काविळीच्या (हिपॅटायटिस बी) विषाणूवर त्याचे उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढच्या चाचण्यांत त्याला दुजोरा मिळाला नाही. रोज पिणाऱ्याचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, तर मुळी वाटत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.