पाणी शिरतं ते स्क्रूच्या भोकातून

कॅम्पर ट्रेलरचा, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या छोट्या राहत्या खोलीचा, हा बाहेरचा कोपरा जरा जवळून बघा. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि त्यात साधा लोखंडी स्क्रू. स्क्रूभोवती पांढरी पूड साचलीय, पेंट फुगलाय, नखानं टोकरलं की पापुद्रा हातात येतो. बाकी पत्रा मात्र अजून चांगला आहे. दोन वेगळे धातू चिकटले आणि मध्ये खारं पाणी आलं की आधी अ‍ॅल्युमिनियम झिजतो, आणि गोव्यात किनाऱ्याजवळ तर हवेतच मीठ आहे, त्यामुळे गाडी समुद्रात न्यायचीही गरज नाही.

म्हणून घरी कॅम्पर ट्रेलर बांधणार असाल तर पत्रा कुठला घ्यायचा याच्या आधी तो जोडणार कशानं ते ठरवा. अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅल्युमिनियमचेच रिवेट. स्क्रू लागलाच तर स्टेनलेस स्टीलचा, ३१६ ग्रेडचा, खाऱ्या हवेत तो ३०४ ग्रेडपेक्षा पुष्कळ बरा, पण तोसुद्धा सीलंटमध्ये, म्हणजे फटी बंद करायच्या चिकट पेस्टमध्ये, बुडवूनच बसवायचा. चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, लोखंडाची असणारच, तिच्या आणि पत्र्याच्या मध्ये ब्युटिल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, टाकाच.

पत्रा घेताना अ‍ॅल्युमिनियमचा ५०५२ ग्रेड मागा, बोटींना चालतो तो. आणि उन्हाचा विचार करा, ३ मीटरचा पत्रा ४० डिग्रीनं जास्त तापला तर जवळपास पावणेतीन मिलिमीटर वाढतो, त्याला सरकायला जागा नसेल तर तो मधेच फुगतो नाहीतर रिवेट ढिले करतो.

एसीपी, म्हणजे दुकानांच्या बोर्डाला लावतात ती शीट, हलकी आहे, दिसतेही छान, पण पत्र्याचा थर एकदम पातळ आणि आत प्लास्टिक, कापलेली कड उघडी राहिली की थर सुटायला लागतात. बाहेरून ती नकोच.

आमची पसंती फायबर, म्हणजे फायबरग्लास. आयएस ७१० (भारतीय मानक) शिक्क्याचा मरीन प्लाय, ७२ तास उकळत्या पाण्याच्या टेस्टमधून जातो तो, त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट आणि ती घट्ट करणारं रेझिन, वर जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर. गोव्यात याचं मोठं कारण म्हणजे होड्यांचं फायबरकाम करणारे कारागीर इथेच आहेत, उद्या कुठे ठोकर लागली तर तेवढाच भाग घासून परत भरून मिळतो, अख्खी शीट बदलायला नको. फक्त प्लायच्या कापलेल्या कडांना आधी रेझिन पाजा, एका हातात भागत नाही, कड खूप पिते. आणि हे काम पावसाळ्यात काढूच नका, ओलसर लाकडावर रेझिन नीट धरत नाही.

छप्पर एकसंध हवं, जोड नको, थोडा उतार आणि कडा भिंतीच्या खाली उतरलेल्या. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सपाट छपरावर पाणी साचून राहणारच. भिंती-खिडक्यांच्या जोडांना सिलिकॉनपेक्षा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट बरं, सिलिकॉनवर पेंट बसत नाही आणि जुन्यावर नवं धरत नाही.

आतलं लायनिंग ठोकायच्या आधी एकानं बाहेरून पाइपनं पाणी मारायचं, खिडक्यांच्या वरच्या कडेवर जास्त वेळ, आणि दुसऱ्यानं आत टॉर्च घेऊन बसायचं. ओल दिसेल तिथे खडूनं खूण करा, सुकल्यावर तेवढाच जोड उघडून परत भरा.