पाणी नसलेल्या बेटाची जहाजं

नमस्कार मंडळी! ग्रीसची बेटं म्हटलं की पांढरी घरं, निळे घुमट असं कॅलेंडरवरचं चित्र डोळ्यासमोर येतं ना, त्या बेटांबद्दल आज नाही बोलायचं. आज हायड्रा, स्पेत्सेस आणि पोरोस, अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून बोटीत बसलं की थोड्या वेळात लागतात ती.

हायड्रा म्हणजे नुसता खडक. पाण्याची बोंब, शेती जवळजवळ नाहीच. आजही तिथे गाड्यांना बंदी आहे, सामान खेचरांवर जातं, म्हणजे आपलं माथेरानच, फक्त खाली समुद्र. पिकतच काही नाही तर खाणार काय, म्हणून लोक जहाजांकडे वळले. ग्रीस तेव्हा तुर्कांच्या ताब्यात होता. १७७४ ला रशिया आणि तुर्कस्तानचा तह झाला, त्यानंतर ही मंडळी रशियन झेंडा लावून बिनधास्त व्यापार करायला लागली, आणि मग नेपोलियनच्या लढायांमध्ये इंग्रजांनी फ्रान्सच्या बंदरांची नाकाबंदी केली तेव्हा यांनी इंग्रजांना चुकवून काळ्या समुद्राकडचा गहू तिकडे पोचवला आणि बक्कळ पैसा केला. हायड्राच्या बंदरावर जे दगडी वाडे दिसतात ना, ते याच पैशाचे.

१८१५ ला लढाया थांबल्या आणि धंदा बसला, खलाशी बेकार.

१८२१ ला तुर्कांविरुद्ध उठाव झाला तेव्हा सगळे एकदिलाने उठले वगैरे आपण ऐकतो, पण तसं काही नव्हतं हो. स्पेत्सेस लगेच उठलं, हायड्राचे जहाजमालक मात्र कचरत होते, गमावण्यासारखं त्यांच्याकडेच होतं ना! शेवटी अंतोनिस इकोनोमू नावाच्या एका बेकार कप्तानाने खलाशी गोळा केले आणि मालकांना भाग पाडलं. वर्ष संपायच्या आत त्याचा खून झाला. पण एकदा उडी घेतल्यावर मालकांनीही हात आखडला नाही, कुंदुरियोतिस घराण्याने तर ढीगभर पैसा ओतला. यांचं हुकमी हत्यार म्हणजे अग्निनौका. जुनं जहाज डांबर आणि दारूगोळ्याने भरायचं, तुर्की जहाजाला नेऊन चिकटवायचं, बत्ती द्यायची आणि मागच्या होडीतून सटकायचं.

स्पेत्सेसची बुबुलिना तर वेगळंच प्रकरण. जन्म इस्तंबूलच्या तुरुंगात, दोनदा विधवा झालेली, आणि स्वतःच्या पैशाने बांधलेलं ‘आगामेम्नॉन’ नावाचं १८ तोफांचं जहाज घेऊन ती लढाईत उतरली. तुर्कांच्या हातून नाही मेली ती, १८२५ मध्ये मुलाने एका मुलीला पळवून नेलं त्या भांडणात गोळी लागून गेली.

आता पोरोस. स्वातंत्र्य मिळालं, पण हायड्राची जहाजं आणि पैसा दोन्ही संपलेलं. नुकसानभरपाई द्या म्हणून नव्या देशाचे प्रमुख कपोदिस्त्रियास यांच्याकडे त्यांनी मागणी लावली, ती काही पदरात पडेना. मग हायड्राचा म्हातारा दर्यासारंग मियाउलिस, लढाईतला हिरो, त्याने पोरोसला उभं असलेलं सरकारी आरमारच ताब्यात घेतलं. सरकारच्या बाजूने रशियन जहाजं आली तेव्हा, ऑगस्ट १८३१ मध्ये, न्यूयॉर्कला बांधून घेतलेलं ‘हेलास’ हे देशाचं सगळ्यात मोठं जहाज त्याने स्वतःच उडवून दिलं.

अजूनही दर जूनमध्ये हायड्राला मियाउलिसच्या नावाने उत्सव भरतो आणि रात्री बंदरात एक होडी पेटवतात. तुर्की जहाजाच्या आठवणीत हं, ‘हेलास’च्या नाही.