विजेची की पेट्रोलची? नागपूरच्या अंगणासाठी गवत कापायची मशीन

(घरच्या बागेची आवड असणाऱ्यांसाठी नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, दुकानात जाण्याआधी मोजपट्टी घेऊन अंगणात उतरा. आपल्याकडे "लॉन केवढं आहे?" असं विचारलं की उत्तर प्लॉटच्या मापात मिळतं, "तीन हजारचा प्लॉट आहे." त्या ३००० चौरस फुटांतून घर वजा करा, गाडीची जागा, सेप्टिक टँक, कंपाउंडलगतची फरशी, लिंबाचं आळं आणि तुळशीवृंदावन वजा करा. मग खरं गवत उरतं साधारण ६०० ते ९०० चौरस फूट. मशीन घ्यायची ती एवढ्या गवतासाठी, प्लॉटसाठी नव्हे.

आता हिशेब करू. घरगुती विजेच्या मशीनची कापणीची रुंदी साधारण ३२ सेंटिमीटर असते. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवावा लागतो, म्हणून २८ धरा. माणूस मशीन ढकलत मिनिटाला ५० मीटर चालतो. वळणं, कोपरे आणि गवताची पेटी रिकामी करणं यात निम्मा वेळ जातो. म्हणजे मिनिटाला सुमारे ७ चौरस मीटर, ७५ चौरस फूट. ७०० फुटांचं लॉन दहा मिनिटांच्या आत होतं. ४६ सेंटिमीटरची पेट्रोल मशीन तेच काम साडेसहा मिनिटांत करेल. वाचली तीन मिनिटं.

नागपुरात पाऊस जूनच्या मध्याला येतो. जुलै ते सप्टेंबर हरळी अशी धावते की दर सहा-सात दिवसांनी कापावी लागते. थंडीत तीन आठवड्यांनी एकदा पुरतं, उन्हाळ्यात पाणी किती घालता त्यावर ठरतं. वर्षाला धरा ३० वेळा. प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे वर्षभरात पाच तास. वर्षाचे तास असतात ८७६०. उरलेले ८७५५ तास मशीन कोपऱ्यात उभी असते. विजेची की पेट्रोलची, या प्रश्नाचं उत्तर मला तरी या पाच तासांपेक्षा त्या ८७५५ तासांत जास्त सापडतं. पाच तास कोणतीही बरी मशीन काढते. उभ्या उभ्या कोणती खराब होते, ते बघायचं.

पेट्रोलचं इंजिन उभं राहून खराब होतं. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. श्रावणातल्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी महिनाभर राहिली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसू शकतात. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरला पहिला घोट त्याचाच जातो. पेट्रोल उडून गेलं की मागे डिंकासारखा थर राहतो. कार्बोरेटरमधल्या जेटचं छिद्र सुईच्या टोकाएवढं, ते बुजायला तेवढा थर पुरे. मग दोरी ओढून खांदा दुखतो आणि इंजिन दोन फुसके आवाज काढून गप्प होतं. लहान इंजिनांच्या बहुतेक पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली असते. म्हणून पेट्रोल मशीन घ्यायचीच असेल तर २० टक्क्यांचं पेट्रोल चालेल हे दुकानदाराकडून लेखी घ्या. तोंडी "चालते हो साहेब" यावर जाऊ नका. रबरी नळी आणि गॅस्केट फुगले की हमीचा वाद सुरू होतो.

दुसरी गोष्ट वजनाची. पेट्रोल मशीन २५ ते ३५ किलोची, वायरवाली विजेची १० ते १५. टणक जमिनीच्या लॉनवर हा फरक फक्त हाताला जाणवेल, आपल्या काळ्या मातीत तो जमिनीला जाणवतो. जुलैत माती लोण्यासारखी होते, जड मशीनची चाकं रुततात, चाकोऱ्या पडतात. ऑक्टोबरच्या उन्हात त्याच चाकोऱ्या विटेसारख्या टणक होतात. मग चाक खाली गेलं की पातं बाजूच्या उंचवट्यावरचं गवत मुळासकट खरवडतं. लॉनवर जे पिवळे पट्टे दिसतात, ते पुष्कळदा या चाकोऱ्यांचे असतात. मोठी सर येऊन गेली की किमान एक कोरडा दिवस जाऊ द्या. बूट टेकवल्यावर ठसा उमटत असेल तर मशीन बाहेर काढू नका.

आता वीज. वायरवाली मशीन सोपी, स्वस्त आणि पडून राहिली तरी न बिघडणारी. पण ती बऱ्याच घरांत चुकीच्या वायरवर चालते. १४०० वॅटची मशीन २३० व्होल्टला सहा अँपिअरच्या वर करंट ओढते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. टीव्हीच्या छोट्या सॉकेटवर ती लावू नका. १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा, जिथे आपण गीझर लावतो तसला. एक्स्टेन्शनची वायर तीन कोअरची (आत तीन तारांची), तांब्याची, २५ मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटर आणि ५० मीटरपर्यंत २.५. बाजारात झगमगत्या रिळावर मिळणारी वायर बरेचदा ०.७५ ची असते. ५० मीटर अशा वायरमध्ये सहा अँपिअरला १५ व्होल्ट वाटेतच जातात. मे महिन्यात सगळ्या गल्लीचे कूलर आणि एसी सुरू असताना घरात २१५ व्होल्ट येत असतील, तर मशीनपाशी २०० उरतात. इंडक्शन मोटर, म्हणजे कार्बन ब्रश नसलेली, अशा वेळी जोर भरून काढायला जास्त करंट ओढते आणि तापते. सुरू करताना नुसती गुणगुणली आणि पातं फिरलं नाही, तर दोन सेकंदांत बटण सोडा, नाहीतर वाइंडिंग जळतं. कार्बन ब्रशची मोटर असेल तर ती मंदावते आणि गवत कापण्याऐवजी फाडते. आणि रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर स्वतःच्या उष्णतेत शिजते, वरचं आवरण मऊ होऊन वेढे एकमेकांना चिकटतात.

या पुढच्या मुद्द्यावर मी हट्टाने थांबतो, कारण इथे जीव जातो. त्या पॉइंटवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, असलीच पाहिजे. एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एमसीबी वायर वाचवते, माणसाला वाचवत नाही. पातं वायरवर गेलं, वायर सोलली, हात लागला, तर एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. अर्थिंग तपासताना आपल्या मातीचा स्वभाव लक्षात ठेवा. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पाइपाभोवती पोकळी होते. पावसाळ्यात चांगली निघालेली अर्थिंग मे महिन्यात कामाची राहीलच असं नाही. मार्चपासून त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतत जा. धरमपेठ, रामदासपेठेतल्या जुन्या बंगल्यांत आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थ मोजून घ्या, मशीनचं नंतर पाहू.

कापताना सॉकेटच्या जवळून सुरुवात करा आणि दूर जात राहा. वायर नेहमी कापून झालेल्या बाजूला आणि खांद्यावरून मागे. ओल्या गवतात वायरवाली मशीन अजिबात नाही.

बॅटरीच्या मशीनमध्ये वायरची ही सगळी काळजी संपते आणि तीन-चार हजार फुटांपर्यंत आज मला तीच बरी वाटते, खिशाला परवडली तर. डब्यावर '४० व्होल्ट' लिहिलेलं असतं, तो पूर्ण चार्जचा आकडा. हिशेबाला ३६ धरा. ३६ गुणिले ४ अँपिअर-अवर, म्हणजे १४४ वॅट-अवर. कोरड्या, वेळेवर कापल्या जाणाऱ्या गवतात यावर वीसेक मिनिटं मिळतात, म्हणजे १५०० चौरस फूट. त्याहून मोठ्या लॉनला दुसरी बॅटरी किंवा मधे चार्जिंग लागेल. ऑगस्टच्या दाट गवतात बारा-पंधरा मिनिटं धरा. तिचा शत्रू आपला उन्हाळा. ४५ अंशांच्या आसपास बरेच चार्जर चार्जिंगच नाकारतात. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी वापर न होताही म्हातारी होते. मशीन बाहेर राहू द्या, बॅटरी घरात आणा. कापून झाल्यावर अर्धा तास गार होऊ द्या, मग चार्ज करा. दोन-तीन महिने वापर नसेल तर निम्म्या चार्जवर ठेवा. नवी बॅटरी मशीनच्या किमतीच्या मोठ्या हिश्शात येते, म्हणून घेतानाच तिची सुटी किंमत विचारा.

तर मग पेट्रोल कुणी घ्यावं? वर्धा रोडला किंवा हिंगण्याकडे पाच हजार फुटांहून मोठं खरंखुरं लॉन आहे, पॉवर पॉइंट ५० मीटरच्या पलीकडे आहे, आणि माळी दर आठवड्याला येतो, अशांनी. तिथे इंजिन नियमित चालतं आणि चालणारं इंजिन निरोगी राहतं. आणि ज्यांचं लॉन ५०० फुटांच्या आत आहे, त्यांनी दोन्हींचा विचार सोडून हाताने ढकलायची १४ इंची रोलर मशीन घ्यावी. ती कात्रीसारखी कापते, हरळीला असा सफाईदार काप फिरत्या पात्याने येत नाही. फक्त गवत चार बोटांवर वाढू देऊ नका. मोकळ्या प्लॉटवरच्या गाजरगवतासाठी मात्र यातली कोणतीच मशीन नाही. त्याला खांद्यावरचा ब्रश कटर लागतो.

इंधनाचा खर्च निर्णय बदलत नाही. दहा मिनिटांत वीज पाव युनिट लागते, पेट्रोल जेमतेम दीडशे मिली.

पात्याबद्दल. नव्या लेआउटमध्ये बांधकामाची गिट्टी मातीत राहिलेलीच असते. पहिल्या कापणीआधी लॉनवर लोखंडी दाताळं फिरवा. गिट्टीवर पातं आदळलं की विजेच्या मशीनचा शाफ्ट वाकतो, मशीन थरथरू लागते. दर २०-२५ तासांनी, म्हणजे आपल्या वापरात चार-पाच वर्षांनी, धार लावा आणि पातं मधल्या भोकात खिळ्यावर टांगून बघा. एक बाजू खाली झुकली तर ती थोडी घासा. गवताची टोकं दुसऱ्या दिवशी पांढुरकी दिसली, तर धार गेली असं समजा. हरळी पावसाळ्यात ३ सेंटिमीटरवर ठेवा, एप्रिल-मेमध्ये ५ वर, आणि एका वेळी गवताच्या उंचीच्या तिसऱ्या भागाहून जास्त भाग कधी काढू नका.

जुनी पेट्रोल मशीन दोन वर्षं पडून आहे, काय करावं, असा एक प्रश्न आला आहे. आधी स्पार्क प्लगची टोपी काढा. टाकीतलं पेट्रोल पूर्ण उपसा, त्याला आंबूस वास येत असेल. कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू काढून वाटी रिकामी करा, जेट बारीक तारेने नव्हे, कार्ब क्लीनरच्या फवाऱ्याने साफ करा. तारेने छिद्र मोठं होतं. ऑइल बदला, अर्धा लिटरच्या आसपास लागतं. मशीन आडवी करायची वेळ आली तर एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाहीतर फिल्टर ऑइलने भिजतो. प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर करा, ताजं पेट्रोल पाव लिटरच घाला, टोपी परत बसवा आणि दोरी ओढा. प्लगवर ठिणगी आहे, पेट्रोल येतं आहे, तरी इंजिन उलटा झटका देत असेल, तर फ्लायव्हील, म्हणजे इंजिनचं जड चाक, उघडून त्याला शाफ्टवर अडकवणारी छोटी पट्टी, म्हणजे 'की', बघा. कधीतरी गिट्टीवर पातं आदळलं असेल, ती मऊ धातूची पट्टी कापली गेली असेल आणि ठिणगीचं टायमिंग सरकलं असेल. सुटा भाग स्वस्त मिळतो.