बागेतलं तेच बाकडं

नमस्कार मंडळी. मला आज वन्यजीव छायाचित्रकार म्हणून बोलावलंय हे ऐकून घरी बायको हसली, कारण मी आजवर वाघाचा एकही फोटो काढलेला नाही. ताडोबाला एकदा गेलो होतो, तीन सफाऱ्या केल्या, वाघ सोडा, त्याची शेपटीही दिसली नाही, पुढच्या जिप्सीतल्या माणसाची टोपी मात्र माझ्या प्रत्येक फोटोत आहे. तर मी जे काढतो ते सगळं घरापासून दहा मिनिटांवरच्या बागेतलं.

पहिली दोन वर्षं मी पक्ष्यांच्या मागे पळायचो. बुलबुल उडाला की धाव, दयाळ ओरडला की धाव, आणि घरी येऊन बघावं तर दोनशे फोटोंत दोनशे शेपट्या. मग गुडघा दुखायला लागला, डॉक्टर म्हणाले चालणं कमी करा, म्हणून नाइलाजाने एका बाकड्यावर बसायला लागलो आणि तेव्हापासून फोटो चांगले यायला लागले, अगदी खरं सांगतो.

आमच्या बाकड्यासमोर एक वाळकी फांदी आहे, तिच्यावर वेडा राघू बसतो. हिरवागार, चिमणीएवढा, शेपटीतून दोन काड्या बाहेर आलेल्या. त्याला वेडा का म्हणतात देव जाणे, मला तर तो बागेतला सगळ्यात शिस्तीचा पक्षी वाटतो. उडतो, हवेतच मधमाशी पकडतो, आणि बहुतेक वेळा परत त्याच फांदीवर. मग मी कशाला पळू? फांदीवर फोकस लावायचा, शटर 1/2000 सेकंदावर ठेवायचा आणि बसून राहायचं. आल्यावर तो माशी लगेच गिळत नाही, फांदीवर आपटतो, घासतो, काटा निघून जाईपर्यंत, धोबीघाटावर चादर आपटावी तशी. तेवढ्यात आपले आठ-दहा फोटो होतात.

धोब्यावरून आठवलं. थंडीत उत्तरेकडून पांढरा धोबी येतो आणि लॉनवर शेपटी वरखाली करत हिंडतो. उभं राहून फोटो काढला तर फक्त पाठ आणि गवत येतं, म्हणून मी एकदा सरळ पोटावर आडवा झालो, कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या लेव्हलला. फोटो झकास आला, पण मॉर्निंग वॉकवाल्या एक आजी पाण्याची बाटली घेऊन धावत आल्या, त्यांना वाटलं मला चक्करच आली.

आता तांबट. फेब्रुवारी लागला की टुक टुक टुक सुरू, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडल्यासारखं, सगळ्यांनी ऐकलेलं असतं पण दाखव म्हटलं तर दिसत नाही, कारण तो ओरडताना मान इकडून तिकडे फिरवतो आणि आवाज कुठून येतोय तेच कळत नाही. सापडला की मात्र गळ्याकडे बघा. चोच बंद असते! प्रत्येक टुकला गळ्याची कातडी फुगते आणि बसते. मी वर्षभर उघड्या चोचीचा फोटो मिळावा म्हणून थांबलो होतो, बोला.

तो घरटं करतो ते वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला भोक पाडून. मागच्या वर्षी छाटणीत नेमकी ती फांदी गेली. मी माळीकाकांकडे गेलो तर ते म्हणाले, "साहेब, फांदी मेलेली होती." आता काय सांगू, मेलेली म्हणूनच तर त्याला पोखरता आली. कुणाच्या डोक्यात पडू नये हे मलाही मान्य आहे, पण दोन-तीन महिने थांबता आलं असतं. तो ओंडका मी घरी आणलाय, भोक माझ्या दोन बोटांएवढं, आणि आतून इतकं गुळगुळीत की सुताराने पॉलिशपेपर मारावा.

एक गोष्ट मात्र करू नका. 5 ते 12 नोव्हेंबर, म्हणजे अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो, तेव्हा बागेत कॅमेऱ्यांची गर्दी होते आणि कुणीतरी मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावतंच. त्या बिचाऱ्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा कुणी शिरलाय, तो खाणंपिणं सोडून भांडायला येतो. फोटो मिळतो, हो, पण चिडलेल्या पक्ष्याचा. आणि घरट्याचं लोकेशन ग्रुपवर टाकणारे, त्यांच्याबद्दल मी इथे माइकवर बोलत नाही.

कॅमेरा कुठला, हे विचारणारच तुम्ही. माझा सेकंडहँड आहे, 70-300 मिमीची झूम लेन्स, बस. दुपारी पक्षी झाडात गुडूप झाले की त्याच लेन्सने तळ्याकाठी चतुर आणि टाचण्या, म्हणजे चतुरासारखेच पण बारीक किडे, काढतो. पंख पसरून बसला तर चतुर, अंगालगत मिटून बसली तर बहुतेक टाचणी. चतुरही उडून पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतो, वेड्या राघूसारखाच, त्यामुळे गुडघ्याला आराम.

ज्यांना यायचंय त्यांनी रविवारी साडेसहाला मागच्या गेटपाशी या. मळखाऊ कपडे घाला, भडक नकोत, आणि चहा घेऊनच निघा, कारण एकदा बसलो की मी आठशिवाय उठत नाही.