शेवटच्या लोकलआधीचं रॉक

मंडळी, पत्रिकेत माझं नाव 'मुंबईच्या रॉक चळवळीचे साक्षीदार' असं छापलंय. खरं सांगायचं तर मी तिकिटं विकायचो, आणि कार्यक्रम रंगात आला की जनरेटरपाशी उभा असायचो. त्यामुळे अमक्याने सोलो कसा वाजवला हे मला विचारू नका. डिझेल किती जळलं ते विचारा.

मुंबईत इलेक्ट्रिक गिटार माझ्या कितीतरी आधी आली होती. साठच्या दशकाच्या अखेरीस 'सिमला बीट' ही रॉक बँडांची स्पर्धा सुरू झाली. सिमला म्हणजे सिगारेट, इम्पीरियल टोबॅकोची. एरवी जिथे कर्नाटक संगीताच्या मैफली व्हायच्या त्या षण्मुखानंद सभागृहात देशभरातले बँड येऊन वाजवायचे. 1970 आणि 1971च्या स्पर्धांच्या तर एलपी, म्हणजे मोठ्या तबकड्यासुद्धा निघाल्या. आपल्याकडच्या रॉकचा पहिला मोठा आश्रयदाता सिगारेटवाला, हे मान्य करायला हवं. 2003च्या कायद्याने तंबाखूचं प्रायोजकत्व बंद झालं, ते बरंच झालं. पण तोवर त्या पैशावर कितीतरी ड्रमसेट उभे राहिले होते.

आणि हे सगळं फक्त कुलाबा-वांद्र्याच्या पोरांचं होतं, असं समजू नका. नंदू भेंडे आत्माराम भेंड्यांचा मुलगा. सॅव्हेजेस, वेल्व्हेट फॉग अशा बँडांतून गायला, आणि 1978 साली 'तीन पैशाचा तमाशा'त अंकुश म्हणून उभा राहिला. पुण्या-मुंबईच्या कितीतरी मराठी प्रेक्षकांनी रॉकचा गळा पहिल्यांदा ऐकला तो असा, नाटकाच्या तिकिटावर.

आता रंगभवन. धोबीतलावला, झेवियर्सच्या शेजारी, सरकारी मालकीचं उघड्यावरचं नाट्यगृह. 1980च्या मार्चमध्ये तिथे 'द पोलीस' हा इंग्लंडचा रॉक बँड वाजवून गेला. बोलावलं कुणी? टाइम अँड टॅलेंट्स क्लब या बायकांच्या धर्मादाय संस्थेने! मोठमोठ्या कंपन्यांना जे सुचलं नाही ते या बायकांनी करून दाखवलं. मग 1986 साली फरहाद वाडिया या आयोजकाने तिथे 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक महोत्सव सुरू केला आणि रंगभवन म्हणजे रॉक हे समीकरणच झालं.

पण रंगभवनच का? आवाज तिथे काही स्वर्गीय नव्हता. ऑगस्टात पावसाने ताडपत्र्या फाटायच्या. कारण एकच: व्हीटी, चर्चगेट, मरीन लाइन्स, तिन्ही स्टेशनं पायी गाठता यायची. डोंबिवलीचा पोरगा, विरारचा पोरगा, पनवेलकडचा पोरगा, सगळे काळ्या टी-शर्टात इथेच भेटायचे. त्यांच्या खिशात तिकिटाचे आणि वडापावचे पैसे असायचे, टॅक्सीचे नाही. म्हणून शेवटचा बँड कधी संपवायचा हे मी शेवटच्या कर्जत लोकलवरून ठरवायचो. एखादा गिटारवाला लांबवायला लागला की मागची पोरं घड्याळ बघायची, आणि मी विंगेतून हातवारे करायचो.

सामानाची कथा वेगळीच. परदेशी गिटार-अँपवर (आवाज मोठा करणाऱ्या यंत्रावर) आयात कर इतका, की गिटार यायची ती कुणाच्या तरी जहाजावरच्या काकाबरोबर. बाकी सगळं लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जोडून घेतलेलं. स्पीकर गणपतीवाल्या साऊंडवाल्याकडचे. तो माणूस आमचा खरा आधार. पण गणपती जवळ आले की तो हात जोडायचा, "साहेब, मंडळांचं बुकिंग आहे, आता तुमचं दिवाळीनंतर." त्याच्या माणसांनी बास गिटारचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा स्पीकर फाटला असं समजून वायरी ओढल्या होत्या. पुढे तेच आम्हाला सांगायला लागले, "तुमच्या ड्रमवाल्याचा किक मवाळ आहे."

परवानग्यांचं तर पुराणच होईल. पोलीस, अग्निशमन, वीज निरीक्षक, करमणूक कर. एका कचेरीत गाण्यांचे शब्द टाइप करून द्यावे लागले. तिथल्या साहेबांनी चार पानं शांतपणे वाचली आणि म्हणाले, "यात आक्षेपार्ह काही दिसत नाही. पण यात काहीच दिसत नाही." शिक्का मात्र मारला. वर घरच्यांसाठी सहा पास मागितले.

आमचा प्रेक्षकही हट्टी, हेही सांगतो. परदेशी बँडांची गाणी हुबेहूब वाजवा, नाहीतर खाली उतरा! रॉक मशीन 1984चा बँड. त्यांनी स्वतःची गाणी लिहिली, 1988 साली अल्बम काढला, पुढे 1993मध्ये इंडस क्रीड हे नाव घेतलं. त्यांच्यासारखे थोडे टिकले. बाकीच्या कितीतरी पोरांनी स्वतःची गाणी वहीतच ठेवली. त्यात मीही सामील होतो. नक्कल वाजवणाऱ्या बँडची तिकिटं आधी संपायची.

2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनच्या एका अंगाला कामा आणि जीटी हॉस्पिटल, दुसऱ्या अंगाला झेवियर्स, पलीकडे किल्ला कोर्ट. तिन्ही कलमं एकाच आवारात! पुढच्या काही वर्षांत तिथला आवाज बंदच झाला. लोक मला विचारतात, राग येत नाही का? नियमाचा येत नाही. कामा हॉस्पिटलात बाळंतिणी असतात. माझ्या घरची कुणी तिथे असती तर तक्रार मीच केली असती. राग याचा येतो, की जागा काढून घेताना तितकीच स्वस्त, तितकीच स्टेशनाजवळची दुसरी जागा कुणी दिली नाही. मराठी नाटकवाल्यांनाही नाही आणि आम्हालाही नाही.

कार्यक्रम अंधेरीच्या मैदानांत गेले, मग हॉटेलांच्या हॉलमध्ये. आवाज सुधारला, दिवे सुधारले, स्वच्छतागृहंसुद्धा सुधारली. पण मी गेटवर उभा राहायचो, त्यामुळे मला पहिल्याच वर्षी कळलं: पनवेलकडची, हार्बर लाइनची पोरं यायची बंद झाली होती.